चार सूत म्हणजे बारा नव्हे: कुपवाड-मिरजेच्या शॉपमध्ये नव्याने लागणाऱ्यांसाठी

आयटीआयचा किंवा डिप्लोमाचा निकाल लागला की कुपवाड, मिरज एमआयडीसी आणि सांगलीतल्या वसंतदादा औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या कारखान्यांत, नवी पोरं-पोरी कामाला लागतात. पंधरा दिवसांत त्यांच्याकडून एकच तक्रार येते, "मामा काही सांगतच नाहीत." त्याच मशीनच्या पलीकडे उभे असलेले मामा, म्हणजे शॉपमधले जुने कारागीर, म्हणत असतात, "पोरं ऐकून घेतच न्हाईत." वीसेक वर्षं मी या दोघांच्या मधे उभा आहे, आधी ट्रेनी, मग सेटर (मशीनवर टूल आणि माप जमवून देणारा), आता सुपरवायझर. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. यातली बरीचशी भांडणं स्वभावाची नसतात. एकाचं माप वेगळं असतं, एकाचा कान अधू झालेला असतो, एकाला मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत, आणि हे कुणी कुणाला बोलून दाखवत नाही. म्हणून तुम्हाला ज्या क्रमानं गरज पडेल त्याच क्रमानं पुढे लिहितो.

पहिला दिवस: हाक कशी मारायची

दुपारच्या सुट्टीच्या आत एवढं शोधून काढा की कुणाला सगळे काय म्हणतात. हजेरीपटावर सहा पाटील असतील, पण शॉपमध्ये त्यातले एक तात्या, एक आण्णा, एक बापू. माहीत नसेल तर पन्नाशीच्या पुढच्या माणसाला "मामा" म्हणा; आपल्या भागात त्यात मान आहे आणि जवळीकही. मशीनवरच्या माणसाला "सर" म्हणू नका, त्याला ती थट्टा वाटते. इन्स्पेक्शनला किंवा पॅकिंगला वयानं मोठ्या बाई असतील तर आधी "ताई". बाकीचे "मावशी" म्हणत असतील आणि त्यांना ते आवडत असेल, तर पुढे तुम्हीही म्हणा.

तुम्हाला मात्र "आरं", "ए बाळा" असं ऐकायला मिळेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मुलींना "ए पोरी" खटकलं तर एकदाच, शांतपणे सांगायचं, "मामा, माझ्या नावानं हाक मारा." बहुतेक जण दुसऱ्या दिवसापासून तसंच करतात. बोलणं वाकड्या वाटेनं जात असेल तर मात्र ती पिढीची गोष्ट नाही. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते आणि लहान शॉपसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिथे जा, वयाकडे बघून गप्प बसू नका.

पहिला आठवडा: मापांची भाषा

हा भाग सावकाश वाचा. खरं नुकसान इथेच होतं.

आपल्या जिल्ह्यात लोखंडाचं काम जुनं आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेव्हाच्या औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा केला. तिथे नांगर झाले, पुढे पंप झाले. त्या काळातल्या यंत्रांची मापं इंचात, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) आणि पाने इंचातले. दशमान मापांचा कायदा देशात १९५६ साली झाला, पण उस्तादानं चेल्याला दिलेली भाषा कायद्यानं बदलत नाही. आज ज्या मामांची रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, त्यांना शिकवणारी माणसं इंचात वाढलेली होती. त्यामुळे तुम्ही मिलिमीटर शिकून येता आणि कानावर पडतं सूत, पाऊण, थाऊ, गेज.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५. पुढे सव्वा इंच ३१.७५, दीड इंच ३८.१, पावणेदोन इंच ४४.४५. इंग्रजी माध्यमातून आलेल्या पोरांना "पावणेदोन" ऐकून दोनाच्या पुढचं काहीतरी वाटतं, हे मी अनेकदा बघितलंय. पावणे म्हणजे पाव कमी. सव्वा म्हणजे पाव जास्त. तेवढं डोक्यात बसवा.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. "दोन थाऊ" म्हणजे साधारण ०.०५. पत्र्याचा गेज उलटा चालतो, आकडा वाढला की पत्रा पातळ. ब्रिटिश गेजप्रमाणे १४ गेज साधारण २ मिलिमीटर, १६ गेज १.६, १८ गेज १.२. "जरा जाड लाव, अठराचा नको" असं मामा म्हणाले तर तुम्हाला सोळा किंवा चौदा आणायचाय, वीस नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मी ट्रेनी असताना एका शॉपमध्ये जुन्या पंपाच्या बेसप्लेटा दुरुस्तीला आल्या होत्या. ड्रॉइंग नव्हतं. मामा जाता जाता म्हणाले, "चार सुती टॅप मार." मला सूत माहीत नव्हतं आणि ते कबूल करायची लाज वाटली. बाजूच्या ट्रेनीला विचारलं. तो म्हणाला, "सूत म्हणजे तीन मिलिमीटर, चार त्रिक बारा." मी १०.२ चा ड्रिल मारला, एम-१२ चा, म्हणजे बारा मिलिमीटर आट्याचा, टॅप फिरवला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या प्लेटा संपवल्या. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आपले जुने अर्ध्या इंचाचे बोल्ट घेऊन आलं. एकही बोल्ट बसला नाही. अर्ध्या इंची व्हिटवर्थला (जुना ब्रिटिश इंची आटा) इंचात १२ आटे असतात, एम-१२ ला पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १.७५ मिलिमीटर; व्यासही जमत नाही आणि आटाही नाही. एकदा पडलेल्या आट्यावर दुसरा आटा नीट पडत नाही, त्यामुळे प्लेटा वाया गेल्या. मामा माझ्यावर आणि साहेब मामांवर ओरडले, आणि आम्ही दोघं पुढचा महिनाभर एकमेकांशी कामापुरतंच बोललो. मी एक प्रश्न विचारला असता तर यातलं काही झालं नसतं.

तो प्रश्न असा विचारायचा. ऐकलेलं माप तुमच्या भाषेत उलट म्हणून दाखवा. "मामा, चार सुती म्हणजे अर्धा इंच, बारा पॉइंट सात, बरोबर?" "कळलं का?" याला सगळेच "हो" म्हणतात, त्याचा उपयोग नाही. आकडा परत म्हटला की चूक तिथल्या तिथे सापडते. पहिल्या आठवड्यात मामा वैतागतील. तरी म्हणा.

अजून एक जागा आहे जिथे दोघंही बरोबर असतात आणि जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला तुकडा, मात्र चुकतो. साध्या लेथवर (जॉब फिरवत कापायचं मशीन) आयुष्य घालवलेला माणूस "कट" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो एका बाजूनं किती घ्यायचं ते सांगत असतो. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, लेथवर तुम्ही एक्सच्या ऑफसेटला (माप दुरुस्त करायच्या खान्यात) जो आकडा टाकता, तो सहसा व्यासाचा असतो. "दोन थाऊ अजून घे" यावर तुम्ही ०.०५ टाकलं आणि त्यांच्या मनात एका बाजूचे दोन थाऊ असले, तर व्यासात ०.१० जायला हवं होतं. म्हणून दर वेळी विचारा, "व्यासात की एका बाजूला?" "पॉइंट" या शब्दाचंही तसंच. "दोन पॉइंट काढ" म्हणजे कुणाच्या लेखी ०.२, तर कुणाच्या ०.०२. आकडा शून्यासकट म्हणवून घ्या.

कान आणि चाळिशी

हाक मारली आणि मामांनी बघितलंच नाही. तुम्हाला वाटलं, मुद्दाम केलं.

त्यांनी तीस वर्षं प्रेस, ग्राइंडर, शॉट ब्लास्टिंगच्या आवाजात काढलीत. कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण त्यांच्या तरुणपणी कानात बोळे घालणारा माणूस शोधावा लागायचा. मोठ्या आवाजानं कान जातो तो आधी बारीक, तीक्ष्ण सुरांसाठी, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास. त्यामुळे माणसाला आवाज येतो पण शब्द उमटत नाही. स, श, फ ही अक्षरं गळतात. "सात", "साठ" आणि "आठ" एकसारखे ऐकू येतात. तुम्ही ओरडलात की तुमचा सूर अजून चिरका होतो, म्हणजे नेमका त्यांना न ऐकू येणारा. वर चारचौघांत ओरडल्याचा अपमान वेगळा.

उपाय साधा आहे. समोर जा, तोंड दिसू द्या, आवाज खालच्या पट्टीत ठेवा, वाक्य लहान ठेवा. आकडा सुटा सुटा सांगा, "तीन-चार, चौतीस", नाहीतर खडूनं मशीनच्या पत्र्यावर लिहा. कोणत्या कानानं बरं ऐकू येतं हे दोन दिवसांत कळतं, त्या बाजूला उभे राहा. आणि चालू मशीनवरच्या माणसाच्या पाठीवर मागून हात कधीही ठेवू नका. दचकून हात चकमध्ये (जॉब पकडून फिरणाऱ्या भागात) जाऊ शकतो. आणि स्वतःच्या कानात आजपासूनच प्लग घाला. गेलेला कान परत येत नाही.

डोळ्यांचं तसंच. चाळिशीनंतर जवळचं दिसायला त्रास होतो, म्हणून तर त्या चष्म्याचं नावच चाळिशी. तुम्ही ड्रॉइंगचा फोटो मोबाईलवर पुढे करता आणि मामा म्हणतात, "ठेव तिथं, बघतो नंतर." त्यांना ते दिसत नसतं, आणि तेलकट हातानं खिशातला चष्मा काढायचा नसतो. ए-३ कागदावर प्रिंट काढा, महत्त्वाच्या मापांभोवती लाल गोल करा आणि कागद मशीनजवळ उजेडात लावा. ०.०२ वाचणाऱ्या व्हर्निअर मापपट्टीच्या बारीक रेघांऐवजी आकडा दाखवणारा डिजिटल व्हर्निअर मागवायचा असेल, तर "लाइनवर सगळ्यांसाठी एक ठेवूया" असं म्हणून मागवा. "तुम्हाला दिसत नाही म्हणून" हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. माझ्या अनुभवात माणूस या एका वाक्यानं जितका दुरावतो तितका दुसऱ्या कशानं नाही.

कधी विचारायचं

टूल जॉबला लागलेलं असताना नाही. पाळी सुटायला दहा मिनिटं असतानाही नाही. तेव्हा मन घराच्या वाटेवर असतं, कुणाला आष्ट्याची एसटी धरायची असते, कुणाला रानात पाणी सोडायला जायचं असतं. दहाचा चहा आणि जेवणाची सुट्टी या चांगल्या वेळा. डबा त्यांच्या पंगतीत उघडा, ठेचा पुढे करा. जेवताना थेट कामाचा प्रश्न टाकण्याआधी ऊस गेला का, गावची जत्रा कधी, हे विचारा. यात लबाडी नाही. ज्या माणसाला तुमचं गाव माहीत आहे त्याला तुमची चूकही समजून घेता येते.

प्रश्न एकट्यात विचारा आणि नेमका विचारा. "हे कसं करायचं?" याला उत्तर येतं, "बघ माझ्याकडं." पण "मामा, फेसिंगला जॉब थरथरतोय. टूल जास्त बाहेर आहे का फीड चुकलाय?" असं विचारलंत की ते मशीन सोडून येतात. तुम्ही डोकं चालवून आलाय हे त्यांना दिसतं.

कमी शब्दांचा अर्थ

जुनी माणसं सरळ "नाही" म्हणत नाहीत. "बघू" याचा अर्थ बहुतेक वेळा आज नाही. "हुतंय की" म्हणजे होईल, पण कधी ते सांगितलेलं नाही, तेव्हा वेळ विचारून घ्या: "जेवणाआधी का नंतर?" "करा की मग तुम्ही" यात राग आहे, तिथे काम पुढे रेटू नका, पाच मिनिटांनी परत जा आणि विचारा, "मामा, काय खटकलं?" सगळ्यात जपायचं ते "तुमचं चालू द्या". हे ऐकलं की समजा, त्यांना पुढची अडचण दिसलीय पण बोलून उपयोग नाही असं वाटतंय. मशीन चालू करायच्या आधी ती अडचण त्यांच्याकडून काढून घ्या.

तुमच्याही शब्दांचा असाच घोळ होतो. "ओके", "डन", अंगठ्याचं चित्र, यातून तुम्ही "वाचलं" म्हणताय का "काम झालं" म्हणताय हे त्यांना कळत नाही. पूर्ण सांगा: "वीस जॉब झाले, पाच राहिले."

ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं नाही

प्रत्येक शॉपचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो आणि प्रत्येक शॉपमध्ये "ग्रुपवर टाकलं होतं की" यावरून वाद होतो. पाळी चालू असताना बरेच मामा फोन कपाटात ठेवतात, आणि ते योग्यच आहे. माप बदललं, मटेरियल बदललं, गिऱ्हाइकानं काही थांबवलं, तर चालत जाऊन तोंडानं सांगा आणि मशीनवरच्या कागदावर तारीख घालून दुरुस्त करा. जुना कागद काढून टाका. दोन कागद लटकत राहिले तर कुणीतरी जुना बघणारच. घरी असलेल्या माणसाला कळवायचं असेल तर लिहिण्यापेक्षा आवाजी निरोप बरा. आकडा त्यात दोनदा म्हणा.

तुम्हाला येतं ते त्यांना शिकवताना

हे होणारच. व्हीएमसीचा (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनचा) प्रोग्राम, संगणकावरची हजेरी, रजेचं अॅप. त्यांच्या हातातून फोन घेऊन स्वतः भराभर बटणं दाबू नका. फोन त्यांच्याच हातात राहू द्या, तुम्ही फक्त कुठे दाबायचं ते सांगा. पायऱ्या मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानावर लिहून द्या. चुकलं तर हसू नका, दुसऱ्यालाही हसू देऊ नका.

आणि कारण सांगा. "सिस्टीममध्ये असंच आहे" यानं त्यांचं समाधान होत नाही, ते योग्यही आहे. "हा नंबर टाकला की कोणता जॉब कोणत्या पट्टीतून कापला ते सापडतं, गिऱ्हाइकाची तक्रार आली तर सगळा लॉट परत यायचा वाचतो" असं सांगितलं की तेच मामा पुढे नंबर न टाकणाऱ्याला झापतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. मनात त्यांना भीती असते की मशीन पोरांना आलं की आपलं काय काम. त्यांच्याकडून एखादी युक्ती शिकलात तर साहेबांसमोर ती स्वतःच्या नावावर सांगू नका. "हे तात्यांनी दाखवलं" एवढे तीन शब्द म्हटलेत की पुढची युक्ती आपोआप मिळते. पगार विचारू नका, आपलाही सांगत फिरू नका. कायम, कंत्राटी आणि ट्रेनी यांच्यातली ती दुखरी जागा आहे.

जिथे ऐकायचं नाही

"आम्ही असंच करत आलोय" हे वाक्य दोन प्रकारचं असतं. ड्रिल मशीनवर किंवा लेथवर हातमोजे घालू नको असं मामा म्हणतात तेव्हा ते शंभर टक्के बरोबर असतात. फिरत्या स्पिंडलमध्ये मोजा अडकला तर हात ओढला जातो. पण हातानं चिप (कापलेल्या धातूची साल) ओढणं, हवेच्या पाइपनं अंगावरचा भुगा उडवणं, गार्ड काढून मशीन चालवणं, दुरुस्तीला आत माणूस असताना नुसतं "चालू करू नका रे" असं ओरडून भागवणं, यात मान ठेवायचा म्हणून मान डोलवू नका. मेन स्विच बंद करून स्वतःचं कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. हातानं चिप ओढणाऱ्या मामांना म्हणायचं एवढंच, "मामा, तुमचा हात आहे म्हणून आम्ही शिकतोय, तेवढा चिप ओढायचा हुक घ्या." मी हे वाक्य वापरलंय आणि त्यांनी हुक घेतलाय. नाहीच ऐकलं तर सुपरवायझरला सांगा. ती चुगली होत नाही.

क्रेनखाली आवाज चालत नाही, हातवारे चालतात, आणि ते शॉपगणिक थोडे वेगळे असतात. पहिल्याच दिवशी क्रेनवाल्या मामांकडून ते शिकून घ्या. खूण एकच माणूस करेल, पण "थांब" ही खूण कुणीही करू शकतो, कालच लागलेला ट्रेनीसुद्धा. ती दिसली की क्रेन थांबलीच पाहिजे.

पाळी बदलताना

पाच मिनिटं आधी या. जाणाऱ्या माणसाबरोबर मशीनसमोर उभं राहून चार गोष्टी विचारा: शेवटचा जॉब किती भरला, ऑफसेट कधी बदलला, कोणतं टूल संपत आलंय, आणि आज मशीन काही वेगळं वागलं का. चौथा प्रश्न विसरू नका, जुन्या माणसाचं ज्ञान तिथेच असतं. "दुपारनंतर हेडस्टॉक जरा कुरकुरतोय" हे कोणत्याही रिपोर्टात लिहिलेलं नसतं. लॉगबुकात ते त्यांच्या शब्दात लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. रात्रपाळीचा माणूस खाडा मारून आला नाही तर हाच कागद कामाला येतो.

यासोबत एक छोटी वही खिशात ठेवा. सूत, थाऊ, गेजचं कोष्टक पहिल्या पानावर. पुढे प्रत्येक मशीनला एक पान: कोणता स्लाइड सैल आहे, थंडीत पहिल्या तासाला माप किती सरकतं, कुठला चक किती दाबायचा. एखादे मामा रिटायर व्हायला महिना राहिला असेल तर त्यांच्या मशीनच्या पानावर तारीख घाला आणि त्या महिन्यात रोज त्यांना एक प्रश्न विचारून उत्तर लिहा. शेवटच्या दिवशी नारळ आणि शाल असते, गर्दी असते, तेव्हा विचारायला जमत नाही. फोन नंबर घेऊन ठेवा आणि पहिल्या महिन्यातच एक फोन करा. मशीन कसं चाललंय हे त्यांना ऐकायचं असतं.